पाळी जाताना कमी डोसची हार्मोन्स: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका आमच्या ओपीडीत येतात त्या बहुधा दुसऱ्याच कामाने. सुनेची सोनोग्राफी असते, मुलीची पाळी लांबलेली असते, नाहीतर "सहजच, बीपी बघता का जरा" असं असतं. काम झालं की उठतात, दाराच्या कडीला हात घालतात आणि मग खरा प्रश्न निघतो: "मॅडम, रात्री अंगातून नुसत्या वाफा निघतात हो. महिना झाला, झोप नाही." परत बसवून मी हार्मोनचं नाव काढलं की चेहरा बदलतो. "नको बाई, ते कॅन्सरचं." खालचे बहुतेक प्रश्न त्या दारातल्या बोलण्यातूनच जमले आहेत.

या वाफा येतात तरी कुठून?

मेंदूतून. हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा एक छोटा भाग शरीराचं तापमान सांभाळतो, गिझरच्या थर्मोस्टॅटसारखा. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा, म्हणजे अंडाशयात बनणाऱ्या हार्मोनचा, लगाम असतो. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन घसरतं, लगाम सुटतो आणि या पेशी जास्त पेटून उठतात. मग तापमान किंचित वर गेलं तरी मेंदूला वाटतं, अंग तापलं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो आणि पाच मिनिटांनी त्याच घामाने थंडी वाजते. म्हणजे मनाचे खेळ नाहीत आणि "उष्णता वाढली" असंही नाही. सब्जाने आणि गुलकंदाने बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, फक्त थर्मोस्टॅट त्याने दुरुस्त होत नाही.

पाळी गेली असं कधी म्हणायचं? रक्त तपासावं लागतं का?

सलग 12 महिने पाळी आली नाही, की गेली. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी 51 च्या आसपास आहे, आपल्याकडे 46-47. त्याआधीची दोन-चार वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने नाही आणि मग एकदम धो धो. त्रास बहुतेक वेळा याच काळात सुरू होतो.

वय 45 च्या पुढे असेल आणि लक्षणं सरळ असतील तर एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं मेंदूतलं हार्मोन) तपासायची गरज नसते. या वयात तो आकडा महिन्यागणिक उड्या मारतो. आज 60, पुढच्या महिन्यात 12. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घेऊन "अजून पाळी गेलेली नाही असं आलंय" म्हणणाऱ्या आणि समोर घामाने निथळणाऱ्या बाईला काय सांगायचं? थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घ्यावं, कारण धडधड, थकवा, चिडचिड त्यांनीही होते. वय 40 च्या आत पाळी गेली तर गोष्ट वेगळी. तिथे तपासण्या हव्यातच.

कमी डोस म्हणजे नेमका किती?

औषध म्हणजे घसरलेलं इस्ट्रोजेनच बाहेरून द्यायचं. कमी डोस म्हणजे एकेकाळी जो सर्रास दिला जायचा त्याच्या साधारण निम्मा. इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनच्या गोळीचा नेहमीचा डोस 1 मिलिग्रॅम धरला तर कमी डोस 0.5 मिलिग्रॅम. कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनची जुनी गोळी 0.625 मिलिग्रॅमची, कमी डोसची 0.3 किंवा 0.45. पॅचमध्ये (कातडीला चिकटवायच्या पट्टीत) रोज 50 मायक्रोग्रॅमऐवजी 25, आणि सगळ्यात हलका पॅच 14 मायक्रोग्रॅमचा. पंपाच्या बाटलीतलं जेल असेल तर बहुधा एका दाबात 0.75 मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल येतं, सुरुवात तेवढ्यावर करता येते.

हे आकडे पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा की गर्भनिरोधक गोळीत असतं ते बहुधा इथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि त्याची ताकद याच्या कितीतरी पट असते. "तरुणपणी माला-डी सोसली नाही, मग हे कसं सोसेल" ही तुलना इथे लागू होत नाही.

एवढ्याशा औषधाने फरक पडतो?

बहुतेकींना पडतो. 2001 मध्ये वुमेन्स होप या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष आले. 0.3 आणि 0.45 मिलिग्रॅम कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन प्रोजेस्टोजेनसोबत (प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं हार्मोन) दिल्यावर वाफा जवळपास 0.625 इतक्याच कमी झाल्या. तोवर डॉक्टरही निम्म्या डोसकडे जरा संशयानेच बघत होते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. एक, कमी डोसला वेळ लागतो. नेहमीच्या डोसने महिन्याभरात फरक कळतो, इथे 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. पंधराव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बाटली कपाटात ठेवून दिलेल्या बायका मी खूप बघते. दोन, वाफांच्या अभ्यासांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही त्रास निम्म्याने कमी झालेला दिसतो. त्यामुळे शेजारणीला कशाने तरी गुण आला, यावरून त्या औषधाबद्दल फारसं कळत नाही. इस्ट्रोजेन त्या साखरेच्या गोळीच्याही बरंच पुढे जातं, हे मात्र अनेक चाचण्या एकत्र पाहून ठरलेलं आहे.

तीन महिन्यांनंतरही रात्री उठून गाऊन बदलावा लागत असेल तर डोस वाढवायचा. त्यात हरल्यासारखं काही नाही. कमीत कमी डोस म्हणजे ज्याने काम होतं तो कमीत कमी. अर्धवट डोस घेऊन जोखीमही घ्यायची आणि जागरणही करायचं, यात काय हशील?

हार्मोनने कॅन्सर होतो ना?

या प्रश्नाला खुर्ची ओढून बसावं लागतं.

पहिली घटना 1975 ची. तोवर अमेरिकेत लाखो बायका एकटं इस्ट्रोजेन घेत होत्या. त्या वर्षी दोन अभ्यास छापून आले आणि कळलं, गर्भपिशवी असलेल्या बाईने एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून सोबत प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत पडली. ते अस्तराला आवर घालतं आणि ती जोखीम जवळजवळ पुसली जाते.

दुसरी घटना जुलै 2002 ची. आज तुमच्या मनात जी भीती आहे ती तिथून आली. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्याच्या एका भागात 16,608 बायकांपैकी निम्म्यांना 0.625 मिलिग्रॅम कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन आणि 2.5 मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट हे प्रोजेस्टोजेन रोज दिलं, निम्म्यांना साखरेची गोळी. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं म्हणून तो भाग मुदतीआधी थांबवला. "स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो" ही बातमी जगभर गेली आणि जगभरच्या बायकांनी एका रात्रीत गोळ्या बंद केल्या.

त्या 26 टक्क्यांचा अर्थ असा: 10,000 बायकांनी वर्षभर ही गोळी घेतली तर नेहमीपेक्षा 8 जणींना जास्त स्तनाचा कॅन्सर. पक्षाघात 8 जास्त, फुप्फुसात गुठळी 8 जास्त, हृदयविकाराचे प्रसंग 7 जास्त. आणि आतड्याचा कॅन्सर 6 कमी, खुब्याचं फ्रॅक्चर 5 कमी. जोखीम खरी आहे, मी ती झाकत नाही. फक्त 26 टक्के ऐकल्यावर डोळ्यांपुढे येतं ते चित्र आणि दहा हजारांत आठ हे चित्र यांत फार अंतर आहे.

शिवाय त्या बायका होत्या कोण? सरासरी वय 63. दोनतृतीयांश साठीच्या पुढच्या. वाफांसाठी औषध मागायला आलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईसारख्या त्या नव्हत्याच. अभ्यासाचा मूळ हेतूही वेगळा होता: म्हातारपणी हृदयविकार टाळायला हार्मोन उपयोगी पडतं का, हे बघायचं होतं. उत्तर आलं, नाही. ते उत्तर अजूनही बरोबर आहे. हृदयासाठी म्हणून कुणी हार्मोन सुरू करू नये.

पिशवी काढलेल्या 10,739 बायकांना याच अभ्यासात एकटं इस्ट्रोजेन दिलं होतं. 2004 मध्ये तो भागही थांबला, कारण पक्षाघात वाढला. पण स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नव्हता. ही बातमी आपल्याकडे फारशी पोहोचलीच नाही.

2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी आली. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोज प्रोजेस्टोजेन घेतलं, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण 50 बायकांमागे एकीला जास्त स्तनाचा कॅन्सर. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काही दिवसच घेतलं तर 70 मागे एक. एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर 200 मागे एक. हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. तिथे मुळातच हा कॅन्सर आपल्यापेक्षा जास्त आढळतो, हेही ध्यानात घ्यावं.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांच्या माहितीपत्रकावरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना एकट्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, हा इशारा त्यांनी ठेवला. व्हॉट्सॲपवर याचं "हार्मोन आता पूर्ण सुरक्षित" असं झालं. ते तसं नाही.

मग डोस कमी केला की कॅन्सरची भीती संपली?

नाही. आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण "लो डोस आहे, काही होत नाही" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. डोस निम्मा केला म्हणून स्तनाच्या कॅन्सरची जोखीमही निम्मी होते, असा पक्का पुरावा नाही. गुठळ्या आणि पक्षाघाताच्या बाबतीत कमी डोसची बाजू बरीच चांगली दिसते. स्तन दुखणं, मळमळ, डोकं जड होणं, मधेच अंगावरून जाणं, हे रोजचे त्रास तर नक्कीच कमी होतात. पण स्तनासाठी जास्त महत्त्वाचं आहे ते दुसरंच: किती वर्षं घेताय, सोबतचं प्रोजेस्टोजेन कोणतं आहे, वजन किती आहे, घरात आई-बहिणीला कॅन्सर झालेला आहे का. डोस हा या हिशेबातला एक आकडा आहे. बायका फक्त त्याच्याबद्दल विचारतात, म्हणून बाकीचे राहून जातात.

माझी पिशवी काढलेली आहे. मला दोन औषधं लागतील की एक?

पिशवी नसेल तर अस्तर नाही आणि अस्तर नसेल तर प्रोजेस्टोजेनची सहसा गरज नाही. एकटं इस्ट्रोजेन पुरतं. अपवाद एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात त्या आजाराचा. त्या आजारासाठी ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील. म्हणून ऑपरेशनचा कागद घेऊन या.

त्या कागदावर मला आणखी एक गोष्ट बघायची असते: पिशवीसोबत अंडाशय काढले का? "सगळं काढलं" एवढंच बायकांना माहीत असतं. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली, तेव्हा 82 हजारांहून अधिक जणींपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. चाळिशीच्या आतल्याही त्यात होत्या. पस्तिशीत अंडाशय गेले की हार्मोन एका दिवसात खाली येतात. वाफा तर येतातच, शिवाय हाडं लवकर झिजतात आणि हृदयविकार लवकर गाठतो.

अशा बाईला कमी डोस देणं मला पटत नाही. तिच्या वयाच्या बाईच्या अंगात जेवढं इस्ट्रोजेन असतं तेवढं तिला हवं. गोळीने 2 मिलिग्रॅम किंवा पॅचने 100 मायक्रोग्रॅमपर्यंतही जावं लागतं, आणि निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते चालू ठेवावं लागतं. वर जे 2002 चे आकडे सांगितले ते तिला लागू होत नाहीत. गेलेलं आहे ते परत भरायचं आहे, एवढंच. वाईट याचं वाटतं की ज्यांना हे औषध सर्वांत जास्त लागतं, त्यांच्यापर्यंत ते सर्वांत कमी पोहोचतं.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेते, तीच का ही?

नाही. ती नॉरएथिस्टेरॉन, बहुतेक वेळा 5 मिलिग्रॅमची, दिवसातून दोन-तीनदा. तो एकट्या प्रोजेस्टोजेनचा मोठा डोस आहे. पाळी जातानाच्या उपचारात हेच औषध वापरलं तर 1 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी लागतं. दोन्ही "हार्मोनच्या गोळ्या" म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे गोंधळ होतो. ती गोळी दुकानातून परस्पर आणायची सवय असते, तीच सवय इथे चालवू नका. आणि पंचेचाळिशीनंतर, बीपी-वजन वाढलेलं असताना, सणासाठी ती घेण्याआधीही एकदा विचारा.

गोळी, जेल की पॅच? आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने झोप का येते?

गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे ती रक्त गोठवणारे घटक वाढवते, म्हणून गुठळीची जोखीम थोडी वाढते. जेल आणि पॅच कातडीतून थेट रक्तात उतरतात, यकृताचा फेरा टळतो. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात गुठळी झालेल्या 80 हजारांहून अधिक बायकांची नोंद तपासली होती. गोळ्या घेणाऱ्यांत जोखीम वाढलेली होती, पॅच-जेलवाल्यांत नाही. त्यामुळे वजन जास्त असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, पित्ताशयात खडे असतील, अर्धशिशी असेल, तर मी जेलकडे झुकते. बाकी कुणाला साधी गोळीच सोयीची वाटत असेल तरी हरकत नाही.

पॅच प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतोच असं नाही आणि कोकणातल्या घामात तो टिकवणं हा वेगळा खटाटोप. जेल दंडाला किंवा मांडीला लावून सुकू द्यायचं, छातीला लावायचं नाही.

पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज 100 मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले 12 ते 14 दिवस 200. त्याने गुंगी येते, म्हणून झोपताना घ्यायचं. झोप उडालेल्या बायकांना हा दुष्परिणाम आवडतो! काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डायड्रोजेस्टेरॉन हाही चांगला पर्याय आहे. जेल चालू ठेवून प्रोजेस्टेरॉन मात्र "गोळी नको वाटते" म्हणून परस्पर बंद करणं ही सगळ्यात धोक्याची चूक. म्हणजे थेट 1975 मध्ये परत जाणं.

हे औषध कुणी घेऊच नये?

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर नाही. साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर नव्याने सुरू करणंही सहसा टाळतात. मधुमेह असला म्हणून दार बंद होत नाही.

सुरू करण्याआधी काय काय तपासायचं?

बीपी, वजन, साखर, चरबी. स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी. गर्भाशयमुखाची तपासणी राहिली असेल तर ती, आणि बहुधा पोटाची सोनोग्राफी. हाडांची डेक्सा (घनतेची तपासणी) जोखीम बघून. "हार्मोन पॅनेल" नावाचं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर ते पैसे मॅमोग्राफीला ठेवा.

थायरॉइडची गोळी चालू आहे, चालेल?

चालेल. पण इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली की रक्तात थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि थायरॉक्सिन कमी पडू शकतं. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी पुन्हा करा. जेलने हा फरक सहसा पडत नाही.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली, औषध सुरू केल्यावर परत अंगावरून जायला लागलं!

पहिले तीन ते सहा महिने डाग पडणं नेहमीचं आहे, कमी डोसने तेही कमी असतं. महिन्यातले ठरावीक दिवसच प्रोजेस्टेरॉन घेत असाल तर दर महिन्याला पाळीसारखं जाणं अपेक्षितच आहे. पण सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा मधे पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघावी लागते आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासावा लागतो. औषध न घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी दाखवायचंच. "उष्णतेने गेलं असेल" म्हणून सहा-सहा महिने घरी बसणाऱ्या बायका बघितल्या की जीव तुटतो.

मला वाफांचा त्रास नाही. फक्त... खाली कोरडं पडतं, लघवीला जळजळतं.

हा प्रश्न नेहमी आवाज खाली आणून येतो. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात, कोरडेपणा मात्र वाढत जातो. संबंधांच्या वेळी आग होते, लघवीचा संसर्ग पुनःपुन्हा होतो, आणि बाई त्याला "वयाचं" म्हणून गप्प बसते.

यासाठी अंगभर हार्मोन लागत नाही. योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं क्रीम किंवा ठेवायची 10 मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडिऑलची गोळी असते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात इतकं कमी उतरतं की पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही, आणि साठीनंतर सुरू केलं तरी चालतं. खऱ्या अर्थाने कमी डोस म्हणावा असा हाच. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांनी मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

वजन वाढतं का?

या वयात वजन वाढतं आणि ते पोटावर येतं, औषध घ्या वा न घ्या. हार्मोनमुळे जास्त वाढतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

पाळी अजून अधूनमधून येते. या औषधाने दिवस राहणार नाहीत ना?

याने गर्भनिरोध होत नाही. पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची वस्तू पिशवीत बसवली तर तीन कामं होतात: दिवस राहत नाहीत, जास्तीचं जाणं थांबतं आणि अस्तराला संरक्षण मिळतं. मग वरून फक्त इस्ट्रोजेनचं जेल पुरतं. चाळिशीत अंगावरून खूप जाणाऱ्या बायकांना पिशवी काढायचा सल्ला मिळतो, तेव्हा या पर्यायाबद्दल आवर्जून विचारा.

आमच्या आईने कुठे औषध घेतलं होतं? सगळ्याच बायकांना होतं हे.

हा प्रश्न बहुतेक वेळा सोबत आलेल्या यजमानांचा. खरं आहे, सगळ्याच बायकांची पाळी जाते आणि निम्म्याहून जास्त जणींना औषध लागतही नाही. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वाफांचा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकलेला दिसला. सात वर्षं अर्धवट झोप घेऊन तुमच्या आईने स्वयंपाक केला, शेती केली, सासूचं ऐकून घेतलं. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही. औषध घ्यायचं की नाही, हे जिची झोप जाते तिने ठरवावं. यजमानांनी पंखा मोठा केल्याबद्दल कुरकुर थांबवली तरी पुष्कळ.

शतावरी, सोयाबीन घेतलं तर? आणि ते "नैसर्गिक हार्मोन"?

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे घटक असतात. काहींना थोडा फायदा होतो, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. आहारात असायला हरकत नाही. शतावरीच्या बाजूने चांगल्या चाचण्या फार थोड्या आहेत. "हर्बल" लिहिलेल्या मिश्रणांत काय आणि किती आहे हे बाटली सांगत नाही, यकृताला त्रास झालेल्या बायकाही येतात.

"नैसर्गिक" म्हणून कातडीखाली पुरायच्या खास बनवलेल्या हार्मोनच्या दाण्यांची जाहिरात हल्ली दिसते. एकदा पुरला की डोस कमी करता येत नाही, त्यामुळे मी ते सुचवत नाही. आणि गंमत म्हणजे, दुकानात मिळणारं साधं इस्ट्रॅडिऑल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हेही तुमच्या अंडाशयात बनणाऱ्या रेणूंसारखेच रेणू आहेत. उलट ज्या औषधावर 2002 चं वादळ उठलं ते कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं, म्हणजे चांगलंच नैसर्गिक.

हार्मोन चालतच नाहीत. मग काय?

व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन, गॅबापेंटिन यांच्या लहान डोसने वाफा कमी होतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं. 2023 मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाचं नवं औषध मंजूर झालं. ते हार्मोन नाही, थर्मोस्टॅटच्या त्या पेटलेल्या पेशींवर थेट काम करतं. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. वर्तन-उपचाराच्या समुपदेशनानेही झोप आणि चिडचिड सुधारते.

किती वर्षं घ्यायचं? बंद करताना त्रास होतो का?

कॅलेंडरवर ठरलेली तारीख नाही. वर्षातून एकदा बसून हिशेब मांडायचा: त्रास किती, जोखीम किती, डोस अजून खाली आणता येतो का. बऱ्याच जणींचं तीन ते पाच वर्षांत भागतं. एकदम बंद केलं तरी चालतं, हळूहळू उतरवलं तरी चालतं. साधारण निम्म्या जणींना बंद केल्यावर काही काळ वाफा परत येतात. मी उतरवायला हिवाळ्यात सुरुवात करते. वैशाखात बंद केलं तर वाफा कुठल्या आणि उन्हाळा कुठला, हेच कळत नाही.

कमी डोसने हाडांची घनता टिकते, थोडी वाढतेही. बंद केलं की झीज पुन्हा सुरू होते, त्यामुळे चालणं, वजन उचलण्याचा व्यायाम, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांना सुट्टी नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला जातेय. औषधाचं काय करू?

सहा महिन्यांचं औषध आणि औषधाच्या मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळणार नाही. जेलची बाटली 100 मिलिलिटरपेक्षा मोठी असेल आणि हातातल्या बॅगेत न्यायची असेल, तर तपासणीच्या वेळी ती औषध आहे हे सांगा आणि चिठ्ठी दाखवा. गोळी घेत असाल तर जायच्या दोन-तीन महिने आधी येऊन जा. सोळा तासांच्या विमानात पाय लोंबकळत ठेवून बसणं आणि तोंडावाटे इस्ट्रोजेन, या दोन्हींनी गुठळीची जोखीम वाढते, तेव्हा जेलवर जाता येईल का ते बघू. विमानात दर तासा-दोन तासाला उठून चालायचं, पाणी पीत राहायचं.

आणि बाळ आल्यावर जेल लावायची जागा बदला. दंडाला लावून लगेच बाळाला कुशीत घेतलं तर औषध त्याच्या कातडीला लागतं आणि लहान मुलांना ते चांगलं नाही. मांडीला लावा, पूर्ण सुकू द्या, हात साबणाने धुवा, वरून कपडा घाला. मग घ्या मांडीवर.